अण्णांची व्युत्पत्ती

सातारा हे नाव सात ताऱ्यांवरून पडलं असं कुणी म्हणालं की अण्णा लगेच विचारायचे, "मोजले का?" सात तारे, सात दरवाजे, सात डोंगर असे तीन पक्ष साताऱ्यात सुखाने नांदतात. अण्णांचा जीव मात्र चौथ्या पक्षावर होता आणि तो पक्ष साहेबाचा होता. किल्ल्याला सतरा तट-बुरूज-दरवाजे होते म्हणून सातारा, असं ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये छापलेलं आहे. "साहेबाला दोन काने ऐकू आले नाहीत," अण्णा म्हणायचे, "पण त्याचं नुकसान काही नाही. दोन काने गेले आणि साताचे सतरा झाले. सरकारी हिशेबात एवढी वाढ कधी कुणाला मिळाली आहे का?"

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. मिरज ते पुणे मीटरगेज होतं त्या काळात रात्रीच्या गाडीला टपालाचा डबा जोडलेला असे. भिंतीभर लाकडी खण, खणांसमोर उभी माणसं, पायाशी थैल्या. हलत्या डब्यात उभं राहून पत्रं ज्या त्या खणात टाकायची, थैली बांधायची, लाखेचा शिक्का मारायचा आणि स्टेशन आलं की खाली द्यायची. पिन कोड नव्हता. सगळी भिस्त गावाच्या नावावर, आणि नाव लिहिणारे हात कसे असत ते विचारू नका. नुसतं 'मु. पो. वडगाव' लिहिलेलं पत्र हातात आलं की अण्णा विचारत, कुठलं? मावळ, निंबाळकर, बुद्रुक की खुर्द? बुद्रुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग, थोरलं गाव. खुर्द म्हणजे धाकटं. हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. तरी डब्यात नवीन पोरगा भरती झाला की ते त्याला गंभीर चेहऱ्याने सांगायचे की बुधवारी बाजार भरतो ते बुद्रुक आणि जिथे बाजारातून फक्त खुर्दा परत येतो ते खुर्द. पोरगा मान डोलवायचा. एकाने म्हणे हे खात्याच्या परीक्षेत लिहिलं. पास झाला की नाही ते अण्णा सांगत नसत.

त्या मार्गावरचं प्रत्येक स्टेशन त्यांनी असं लावून ठेवलं होतं. जेजुरीला ते हात लावत नसत, खंडोबाशी थट्टा नको. वाल्ह्याला वाल्या कोळ्याची गोष्ट गावानेच तयार ठेवलेली आहे, तिथे अण्णा नुसते री ओढायचे. लोणंद म्हणजे लोण्याचा आनंद, "तिथे चहा मिळायचा, लोणी एकदाही नाही." मसूरला काही करावंच लागत नसे. पण त्यांची खरी करामत कराडची. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र काटकोनात वळतात. अशा संगमाला प्रीतिसंगम म्हणतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत. अण्णांच्या कथेत प्रीती नंतर झाली, आधी भांडण झालं. दोघी समोरून आल्या, वाट कुणी सोडायची यावरून अडल्या आणि दोघींनीही हात आडवा घातला. कर आड. कराड.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं की कराडचं जुनं नाव करहाटक, आणि मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपावर जे दानलेख आहेत त्यांत 'करहकट' असा या गावाचा उल्लेख सापडतो. इसवी सनाच्या आधीचा, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. कराडच्या कुणी तरी एवढ्या लांब जाऊन स्तूपाला दान दिलं होतं. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे पत्ता तेव्हापासून बरोबर पोचतोय." आणि थोडं थांबून, "पण ते 'करहकट' कशावरून, ते लिहिलंय का तिथे?" लिहिलेलं नव्हतं. अण्णांच्या दोन्ही नद्यांचे हात पुन्हा आडवे झाले.

किर्लोस्करवाडीचं मात्र त्यांना दुःख होतं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, वसाहत वसवली, नाव पडलं किर्लोस्करवाडी. साल माहीत, माणूस माहीत, कारण माहीत. गोष्ट शिरायला फट म्हणून कुठे नाही. अण्णा गाडीत तिथे डुलकी काढायचे.

सांगली सहा गल्ल्यांची, हे तर सांगलीकर स्वतःच सांगतात. सोलापूर सोळा गावांचं, असं सोलापूरकर सांगतात, आणि अभ्यासक शिलालेख उघडून दाखवतात की सिद्धरामेश्वरांच्या काळात, बाराव्या शतकात, ते नाव 'सोन्नलगी' असं होतं. सोळाचा तिथे संबंध नाही. नाशिक शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून आलं. यात गंमत अशी की नाक हा भाग खरा असण्याचा संभव बराच आहे. पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्य' नावाचं नगर आहेच. ते नाक राक्षसिणीचं की डोंगराच्या सोंडेचं, एवढाच वाद. पण डोंगराच्या सोंडेवर कीर्तन रंगत नाही.

या सगळ्या कथा खोट्या आहेत म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत, असं माझं मत अण्णांच्या सहवासात बनलं आणि पुढे पुस्तकं वाचूनही बदललं नाही. अशा कथेतून गावाचा उगम कळत नाही, गावाला स्वतःविषयी काय वाटतं ते कळतं. सोलापूरला आपण अनेक गावांची बेरीज आहोत असं वाटतं. नाशिकला रामाच्या वनवासात आपला वाटा हवा असतो. साताऱ्याला आकाश हवं असतं. आणि साहेबाला प्रत्येक गोष्टीची मोजदाद हवी असते.

साहेबाचा कान हा अण्णांचा स्वतंत्र विषय होता. पलटणीत पहारेकऱ्याने अंधारात 'हू कम्स देअर' असं विचारायचं असे. आपल्या शिपायाच्या तोंडी त्याचं 'हुकुमदार' झालं. प्रश्नाचं रूपांतर पदवीत. एल्फिन्स्टनचा अलपिष्टन झाला, आणि पुण्याची पेशवाई बुडवणाऱ्या साहेबाचं नाव ऐकायला तरी 'अल्प' आणि 'अनिष्ट' यांच्या मधलं काही तरी वाटू लागलं. 'डांबीस' हा शब्द साहेबाच्या 'डॅम्ड बीस्ट' या शिवीतून आला, ही कथा अनेक घरांतून चालते. अण्णांच्या आवृत्तीत ती शिवी त्यांच्याच पणजोबांना पडली होती आणि त्यांनी ती बिरुद समजून घरी आणली होती. शब्दाच्या उगमाला आपल्या घराण्यातलं माणूस साक्षीदार म्हणून उभं करणं, ही अण्णांची नेहमीची खोड.

साहेब तरी कुठे मागे होता? मोहरमच्या मिरवणुकीत लोक 'या हसन, या हुसेन' म्हणत छाती पिटत जातात. गोऱ्या सोजिराच्या कानाने त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं, जणू दोन इंग्रज गृहस्थच मिरवणुकीत निघालेत. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा जो जाडजूड कोश केला, 1886 सालचा, त्याला त्यांनी नावच 'हॉब्सन-जॉब्सन' दिलं. आपल्याच माणसांच्या चुकीच्या ऐकण्याला कोशाच्या माथ्यावर बसवणारे हे दोघे मला त्या एका गोष्टीसाठी आवडतात. त्याच कोशात 'जिमखाना' हा शब्द 'गेंदखाना'वरून, म्हणजे चेंडूच्या घरावरून, आला असावा असं म्हटलं आहे. पुण्यात डेक्कन जिमखाना 1906 पासून आहे. तिथल्या जुन्या सभासदांना आपण गेंदखान्यात जातो हे कळवायला अण्णांना फार आवडलं असतं, पण त्यांची तिथे कुणाशी ओळख नव्हती.

पुण्याला माझी आत्या राहायची आणि पुण्याचं खातं तिच्याकडे होतं. तिचं माहेर-सासर दोन्ही पेठेत. तिच्यामागून देवळांच्या फेऱ्या मारताना मला कळलं की पुणेकर देवालासुद्धा टोपणनावाशिवाय सोडत नाही. पासोड्या विठोबा, कारण देवळाच्या आसपास पासोड्या विकायला बसत. पत्र्या मारुती, कारण छपराला पत्रा. जिलब्या मारुतीजवळ हलवाई. निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या झुडपात सापडला. डुल्या मारुती पानिपतच्या वेळी डुलला असं म्हणतात. बातमी पेशव्यांच्या आधी त्याला कळली होती. हे सगळं आत्या चालता चालता सांगायची, हातात भाजीची पिशवी, पायात वहाणा करकरत, आणि आवाजात असा ठामपणा की जणू निवडुंग तिनेच उपटला होता.

बटाट्या मारुतीपाशी ती थांबायची. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात एके काळी भाजीबाजार भरे. आजची मंडई, तेव्हाचं रे मार्केट, 1886 साली उघडलं आणि बाजार तिकडे गेला. भाजीवाले गेले, बटाटे गेले, मारुती राहिला आणि त्याच्या नावात बटाटा राहिला. एवढी एक गोष्ट शंभर टक्के खरी असून गमतीची आहे, असं ती म्हणायची. मग त्या बटाट्याचं मूळही पोर्तुगीज आहे हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे देव आपला, आडनाव त्यांचं."

याच्या उलट गुपचूप गणपती. नाव ऐकल्यावर कुणीही तळघर, खजिना, चोरवाट, पेशव्यांची मसलत अशी कथा रचेल, आणि लोकांनी रचलेल्याही आहेत. प्रत्यक्षात गुपचूप हे आडनाव आहे. त्या घराण्याचा गणपती, म्हणून गुपचूप गणपती. भिकारदास मारुतीपाशी भिकारी बसत म्हणून ते नाव, असं मीही बरीच वर्षं समजत होतो आणि आत्याने ते समजू दिलं. भिकारदास हे एका चांगल्या गडगंज शेठजींचं नाव. लहानपणी मुलाला दृष्ट लागू नये म्हणून असं नाव ठेवत, ही तिची पुस्ती. ती पुस्ती खरी की तिची, ते मी आजतागायत शोधलेलं नाही.

खुन्या मुरलीधराची गोष्ट ती उजेडातच सांगायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस गद्रे सावकारांनी देऊळ बांधलं आणि मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी पेशव्यांचे शिपाई आणि गद्र्यांचे अरब पहारेकरी यांच्यात झुंज होऊन माणसं पडली, म्हणून हे नाव, असं सांगतात. बासरी वाजवणाऱ्या देवाला असं विशेषण जगात दुसऱ्या कुठल्या गावाने दिलं असेल असं वाटत नाही. आत्याचा आक्षेप वेगळाच होता. "खून शिपायांनी केले. नाव कुणाचं खराब झालं? जो मध्ये उभा होता त्याचं." तिच्या वाड्यातल्या भांडणांचा तिला जो अनुभव होता, त्यातून हे आलं असावं.

शनिवारवाड्याजवळ गेलं की 'ध'चा 'मा' आलाच. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांनी 'धरावे' लिहिलं होतं, आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही कथा ग्रँट डफच्या 1826 सालच्या इतिहासातही आहे. म्हणजे ती खुनानंतर पन्नासेक वर्षांत चांगली रुजली होती. पण तो खाडाखोड केलेला कागद मात्र आज कुणाच्या दप्तरात नाही. मराठीतला सगळ्यात प्रसिद्ध अक्षरबदल, आणि अक्षर पाहिलेलं कुणी नाही. अण्णांचं यावरचं मत त्यांच्या धंद्याला धरून होतं. त्यांनी हजारो पत्ते वाचले होते आणि त्यांच्या मते वाचणाऱ्याला जिथे जायचंच असतं तिथे त्याला कुठलंही अक्षर घेऊन जातं. गारद्यांना पैसे हवे होते. 'धरावे' असतं तरी त्यांनी मारलंच असतं. एका बाईच्या लेखणीवर सगळं ढकललं की बाकीचे पुरुष मोकळे. आत्याला अण्णांचं एवढं एकच ऐतिहासिक मत पूर्ण मान्य होतं.

सिंहगडाचं दुःख सांगायला मला अजून जड जातं. 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य कानावर पडल्याशिवाय मराठी मूल मोठं होत नाही. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे पडले, आणि त्या सिंहावरून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शिकतो. पण 1663 सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आहे. तानाजींच्या सात वर्षं आधी. नाव आधीचं, मरण नंतरचं. इतिहास संशोधकांनी हे दाखवून इतकी वर्षं झाली, तरी गडावरचा वाटाड्या ते ऐकत नाही आणि पिठलं-भाकरी विकणारी मावशी तर नाहीच नाही. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते नेहमीसारखे हसले नाहीत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव आधी होतं. त्याला साजेसा माणूस नंतर आला. हे जास्त चांगलं नाही का?" इतिहासाला धक्का न लावता आख्यायिका वाचवण्याचा एवढा चोख मार्ग मी कुठल्या प्राध्यापकाकडून ऐकलेला नाही.

पानिपतावर मात्र त्यांनी कधी कोटी केली नाही, कारण ती लोकांनी आधीच करून ठेवली होती. 14 जानेवारी 1761 ला नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव पडला आणि 'विश्वास पानिपतात गेला' असं मराठी माणूस तेव्हापासून म्हणत आला. उसने पैसे मागायला आलेल्याला अजून हे ऐकवलं जातं. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांच्या हाती सावकाराचं जे पत्र लागलं, त्यात दोन मोती गेल्याचं आणि मोहरा हरवल्याचं लिहिलं होतं, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नव्हती. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. एवढ्या मोठ्या मृत्यूची बातमी हिशेबाच्या भाषेत आली. टपालखात्यातल्या माणसाला या पत्राबद्दल जे वाटायचं ते अण्णा बोलून दाखवत नसत, पण ते सांगताना त्यांची बोटं हवेत पाकीट धरल्यासारखी होत.

आजीचं स्वयंपाकघर हे दुसरं ठाणं. पाव पायाने तुडवून करतात म्हणून पाव, एवढ्या एका व्युत्पत्तीवर तिने जन्मभर पाव घरात येऊ दिला नाही. वास्तविक तो पोर्तुगीजांचा 'पांव', त्यांच्या भाषेत भाकरीला तेच म्हणतात. पण तोच सोवळ्याचा नियम लावायचा तर घरातली चावी, बादली, घमेलं, साबण, पगार हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवावं लागलं असतं. हे सगळे शब्द त्याच जहाजातून उतरलेले. 'इस्त्री' घरातली स्त्री करते म्हणून इस्त्री, असं मामाने एकदा म्हणून पाहिलं. ती पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून, म्हणजे ताणण्यावरून, आली असं मी म्हटलं. आजी म्हणाली की दोन्ही एकच. हापूसच्या बाबतीत मात्र तिला ते मान्य करणं फार जड गेलं. गोवा घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून आंब्याचं नाव पडलं, आफोन्सोचा 'आफूस' झाला आणि त्याचा हापूस, हे कळल्यावर तिने एक अख्खा मोसम पायरीला प्राधान्य दिलं.

तंजावरच्या मराठी घरांत सांबाराची जी कथा सांगतात, ती या सगळ्यांवर ताण आहे. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. शहाजीराजांच्या, म्हणजे 1684 ते 1712 या काळातल्या राजाच्या मुदपाकखान्यात आमटीला घालायची कोकमं संपली, म्हणून चिंच वापरली. छत्रपती संभाजी महाराज पाहुणे आले होते, त्यांच्या मानार्थ त्या पदार्थाला नाव मिळालं 'संभाजी आहार', म्हणजे सांबार. कथेत सगळं आहे: दोन राजे, आडवेळेचा पाहुणा, संपलेली कोकमं. पुरावा तेवढा नाही. संस्कृतात 'संभार' म्हणजे साहित्य, सामग्री, हे मूळ जास्त पटतं. आणि आपल्या वऱ्हाडात जाऊन मंडईत 'सांबार द्या' म्हणा, कोथिंबिरीची जुडी मिळेल. तरीही दूर कावेरीकाठी तीन-साडेतीनशे वर्षं आपली मराठी जपून ठेवणाऱ्यांनी रोजच्या जेवणातल्या पदार्थात महाराष्ट्रातला एक राजा बसवून घेतला, यात मला फसवणूक दिसत नाही. घर लांब राहिलेली माणसं असंच करतात.

आता वाटेल की हा सगळा अडाण्यांचा खेळ आहे. तसं नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी यास्काने 'निरुक्त' लिहिलं, त्यात शब्दांची मुळं सांगण्याचाच उद्योग आहे, आणि एकेका शब्दाची दोन-दोन, तीन-तीन मुळं तो बेधडक देतो. अर्थ सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, एखाद्या अक्षराचं साम्य सापडलं तरी ते धरावं, असं त्याचं धोरण. अण्णांनी ते वाचलं असतं तर यास्काला डब्यात बोलावून चहा पाजला असता. पण त्याच ग्रंथात गार्ग्य नावाच्या आचार्याचा आक्षेप नोंदवलेला आहे आणि तो फार मार्मिक आहे. वाट व्यापतो म्हणून अश्व, तर मग वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणत नाहीत? टोचतं म्हणून तृण, तर सुईला तृण का नाही? यास्काचं उत्तर असं की लोक जसं बोलतात तसं. एखाद्याला नाव मिळतं, एखाद्याला मिळत नाही. हे उत्तर काही फार समाधानकारक नाही, पण प्रामाणिक आहे.

याच परंपरेत 'पुत्र' येतो. 'पुत्' नावाच्या नरकातून जो तारतो तो पुत्र. यास्काकडे हे आहे, मनुस्मृतीतही आहे. अवेस्तेत मुलाला 'पुथ्र' म्हणतात, म्हणजे शब्द हिंदुस्थान आणि इराण यांची भाषा एक होती तेव्हाचा. नरक त्याला मागाहून चिकटवला. पण या एका चिकटवण्याने घरोघरी केवढं घडलं! आत्याला तीन बहिणी आणि एक भाऊ, आणि भावाच्या आधीची प्रत्येक बहीण ही या व्युत्पत्तीचा पुरावा होती. कीर्तनकाराने एकदा तिच्यासमोर पुत्र शब्दाचा असा विग्रह केला. कीर्तन संपल्यावर तिने पुढे होऊन विचारलं, "बुवा, आणि लेक ज्यातून तारते त्या नरकाचं नाव काय?" आत्याच्या आईवडिलांचं शेवटपर्यंत तिनेच केलं होतं. बुवांनी नारळ हातात दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले.

इथे मला ठाम बोलायचं आहे. अण्णांची व्युत्पत्ती आणि ही व्युत्पत्ती, दोन्ही खोट्या. पण अण्णांच्या गोष्टीवर कुणाचं आयुष्य टांगलेलं नव्हतं. पु. ना. ओक यांनी ताजमहालाचा 'तेजोमहालय' केला, व्हॅटिकनची 'वाटिका' केली, ख्रिश्चॅनिटीची 'कृष्णनीती' केली. कारागिरी अण्णांचीच, कर आड कराड. फरक असा की ओक हसत नव्हते. ते न्यायालयात गेले, आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. तरी ती विधानं अजून फोनाफोनी फिरतात. कोटी ही ऐकणाऱ्याला कळावी म्हणून करतात. जी कोटी आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, ती कोटी राहत नाही, तो खोटा दस्तऐवज होतो.

अण्णांना ही रेघ बरोबर माहीत होती. ते निवृत्त झाल्यावर कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' त्यांनी जुन्या बाजारातून आणला आणि रोज दुपारी वाचू लागले. मला वाटलं, आता गोष्टी बंद होतील. झालं उलट. ते आधी कोशातलं खरं मूळ सांगायचे आणि मग, "हे झालं पुस्तकाचं. आता आपलं ऐक." सतरंजी सात रंगांची नाही, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात म्हणून 'शतरंज'वरून आली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं, पाठोपाठ त्यांचं आपलं आलं, ते म्हणजे सतराजण झोपतात ती सतरंजी. 'ढ' मुलाला ढ का म्हणतात? ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलली, एक ढ तेवढा होता तिथेच बसला आहे. हे त्यांनी मला पाटीवर काढून दाखवलं होतं. अक्षराचं रूप फारसं बदललं नाही हे खरं आहे. त्यावरून मुलाला ढ म्हणू लागले का, हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण गणितात मला किती गुण पडले होते तो विषय निघाला असता.

मोरोपंतांवर त्यांचा लोभ होता तो याच खेळकरपणासाठी. बारामतीच्या या पंडिताने रामायणं रचली ती शेकड्याच्या हिशेबात, आणि त्यात एक निरोष्ठ रामायण: ओठाला ओठ लागेल असं अक्षरच वापरायचं नाही. म्हणजे 'म' गेला. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्याचं नाव घ्यायचीही सोय गेली. अण्णा आम्हाला ओठांत काडी उभी धरून 'राम' म्हणायला लावायचे आणि काडी पडली की पंतांचा जयजयकार करायचे.

15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड आला. गावांच्या नावांची सद्दी संपली, सहा आकडे लिहिले की पत्र जाऊ लागलं. ही योजना ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, कोकणातले, आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारे. शब्दांच्या माणसाने शब्दांची गरज संपवली, याचं अण्णांना नवल वाटे, राग नव्हता. "आता आकड्यांना कुठून आणणार व्युत्पत्ती?" असं मामाने त्यांना डिवचलं. अण्णांनी कागद मागितला आणि सांगलीचा पिन लिहिला: 416416. अर्धा भाग सहावर संपतो, उरलेला अर्धाही सहावर संपतो. "गल्ल्या किती?" त्यांनी विचारलं.

तुमच्या गावाच्या, वाडीच्या, देवळाच्या नावाची गोष्ट सांगणारं माणूस घरात असेल तर ती या सुट्टीत वहीत उतरवून घ्या. सांगताना मध्ये पुरावा मागू नका. गॅझेटियर काय म्हणतं ते समोरच्या पानावर वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे कुठलं कुठलं हे पुढच्या वाचणाऱ्याला कळेल, आणि गोष्टीच्या खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि साल जरूर घाला.